अवजारं कुणाची

“व्यवसाय?” मी विचारलं.

“गृहिणी,” मुलगा म्हणाला. विचारलं होतं आईला. ती जमिनीवर बसून एका लाकडी पेटीचं झाकण पुसत होती. तिने मान वर केली नाही.

मी फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहिलं. बावीस वर्षं मी हेच लिहीत आलोय. लोक घर उचलून कायमचे दुसऱ्या देशात निघाले की पॅकिंग कंपनी सगळ्यात आधी मला पाठवते. घरातली एकूण एक वस्तू कागदावर आणायची. काय आहे, नवी की वापरलेली, किती वर्षं वापरली. तिकडचं कस्टम त्या यादीवर चालतं. वस्तू तुमची पाहिजे आणि तुम्ही ती निदान वर्षभर वापरलेली पाहिजे, तर ते घरसामान. नाहीतर तो माल, आणि मालावर कर. नियम ऐकायला सरळ आहे. पण ‘तुमची’ म्हणजे नक्की कोणाची, हे नियम लिहिणाऱ्याने एकदा तरी कुठल्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून विचारायला हवं होतं. मी रोज विचारतो, आणि रोज कुणी ना कुणी नवरा-बायको माझ्यासमोर जुंपतात.

“या पेटीत काय?”

“बाबांची अवजारं.”

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीतच दुकान होतं. दीड वर्षापूर्वी ते गेले. मुलगा कित्येक वर्षं तिकडे नोकरीला, आता आईला न्यायला आला होता.

अवजारांसाठी वेगळं कलम आहे. ज्याचा स्वतःचा तो धंदा, त्यालाच नेता येतात. मेलेल्या माणसाची असली तर मृत्यूनंतर वर्षाच्या आत हलवावी लागतात. म्हणजे दोन्ही दारं बंद. मी तसं सांगितलं. मुलगा म्हणाला, “मग राहू द्या.” चटणी संपली असं हॉटेलवाल्याने सांगितल्यावर म्हणावं, तितक्या सहज.

पुसणारा हात थांबला. मी तो पाहिला, कारण माझं कामच ते आहे. वस्तू कोण वापरतं हे माणसं सांगतात त्यापेक्षा वस्तू खरं सांगते. दुकानातल्या कामाच्या स्टुलावर लाकडाची एक फळी ठोकून ते चार बोटं उंच केलेलं होतं. बारक्या पेचकसांच्या मुठी झिजून नाजूक झाल्या होत्या. मोठ्या पंजात त्या बसल्याच नसत्या. आणि या बाईच्या अंगठ्यावर एक घट्टा होता, लाटण्याने पडत नाही अशा जागी.

“काकू, तुमचे यजमान ठेंगणे होते का?”

“दारातून वाकून यायचे,” ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. तिने मुलाला माळ्यावरच्या सुटकेस काढायला पाठवलं. तो वर चढल्याची खात्री केली आणि बोलली.

मुलगा होस्टेलला गेला त्याच वर्षी नवऱ्याचा उजवा हात थरथरायला लागला. घड्याळजीचा हात थरथरतो हे कळलं असतं, तर आठवड्यात दुकान बंद पडलं असतं. तेव्हा त्याने हिला शिकवलं. तो तोंडाने सांगायचा, ही हाताने करायची. दोन वर्षांनी सांगायची गरज उरली नाही. तो पुढे कपाळावर भिंग लावून बसायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, घड्याळ घ्यायचा, ‘परवा या’ म्हणायचा. पडद्यामागे ही. देताना तो डाव्या हाताने द्यायचा, उजवा टेबलाखाली गुडघ्यांत दाबून. अठरा वर्षं.

माझं डोकं भणभणलं. मी म्हटलं, दोन गिऱ्हाइकांकडून लिहून आणा की काम तुम्ही करायचात, पेटी उद्या बंद करतो.

“त्यांच्यासारखा हात नाही, असं अख्खी गल्ली अजून म्हणते. आता मी दारोदार जाऊन सांगू, तो हात नव्हताच म्हणून?”

“खरं आहे ना पण?”

“आहे की. म्हणून सांगायलाच पाहिजे का?”

मी आणखी चिडलो. तिकडे जाऊन दिवसभर करणार काय, असं विचारलं. तर म्हणाली, सून म्हणते आराम करा. आणि मग स्वतःशीच, “आराम असा किती दिवस करतात, काय माहीत.”

मी तिला सांगितलं की अजून एक बारीक कलम आहे. कागद नसले तरी अधिकाऱ्याची खात्री पटली की चालतं. गल्लीला कळायचं कारण नाही. फक्त नेणारा म्हणून मुलाची सही लागेल, म्हणजे त्याच्यासमोर बोलावं लागेल.

तिने माळ्याकडे पाहिलं. वरून धूळ आणि शिंका खाली येत होत्या.

“मग नको,” ती म्हणाली आणि पेटीचं झाकण लावून टाकलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या देशाच्या कचेरीत शिक्क्यासाठी गेलो. पेटी मी यादीत लिहिली होती आणि बरोबरही घेतली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण घेतली. तिथली अधिकारी बाई मी ओळखतो. कागदात चूक सापडली की तिची भूक वाढते. तिने यादीवरून बोट फिरवत ते बरोबर अवजारांवर थांबवलं. हे जाणार नाही, म्हणाली. मुलगा लगेच कबूल झाला. फक्त खिशातून बाबांचं डोळ्याला लावायचं काळं भिंग काढून तिला दाखवत त्याने विचारलं, एवढं नेलं तर चालेल ना. “फ्रेम करून हॉलमध्ये लावणार आहे. माझ्या वडिलांनी यातून अख्ख्या गावाची घड्याळं पाहिलीत.”

अधिकारी बाई काही बोलायच्या आत आई म्हणाली, “त्यात काच नाही.”

“म्हणजे?”

“बोट घालून बघ.”

त्याने घातलं. बोट पलीकडून बाहेर आलं. दीड वर्ष ते भिंग त्याच्याकडे होतं. पण आठवणीची वस्तू डोळ्याला लावून कोण बघतो?

“फुटली होती. त्यांना लागत नव्हती, म्हणून बसवली नाही,” आई म्हणाली. “माझं पेटीत आहे. त्याला काच आहे.” मग तिने बाकीचं सांगितलं, अगदी थोडक्यात, टेबलाच्या कडेकडे बघत.

मी पेटी उघडून टेबलावर ठेवली. अधिकारी बाईने एकेक अवजार उचलून विचारायला सुरुवात केली, आधी संशयाने. हा चिमटा कशाला, ही बारकी ऐरण कशाला, या चार पेचकसांत फरक काय. काकू सांगत गेल्या. आवाज वाढला नाही, पण वाक्यं लांब होत गेली. एका तारेसारख्या हत्याराशी बाई अडली.

“हे मिळत नाही कुठे. शिवणाची सुई घासून मी केलंय. केसासारखी स्प्रिंग असते, ती गुंतली की याने सोडवायची.”

“कशी?”

काकूंनी बाईच्या टेबलावरचा एक दोरा गुंतवला आणि सोडवून दाखवला. बाईची जेवायची वेळ टळून गेली होती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “परत एकदा.”

शिक्का मिळाला. मी दाखवलं तिथे मुलाने सही केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही.

आम्ही घरी परतलो. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, पॅकिंगवाले शेवटचे खोके खाली नेत होते. मी पेटीवर चिकटवायची चिठ्ठी लिहीत बसलो. काकू एकेक अवजार जुन्या मऊ कापडात गुंडाळत होत्या. मुलगा गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसला.

“होस्टेलवर बाबांची पत्रं यायची,” तो म्हणाला.

“हं.”

“दर आठवड्याला. सगळी ठेवलीयत मी. तू कधी दोन ओळी लिहायची नाहीस, म्हणून राग यायचा तुझा.”

तिने ते सुईचं हत्यार कापडावर घेतलं. मला उठून जावंसं वाटलं, पण दार त्याच्या पलीकडे होतं.

“आई.”

“ते बोलायचे, मी लिहायची. मजकूर त्यांचाच. माझ्या पदरचा शब्द घातला नाही मी.”

त्याने हातातलं ते पोकळ भिंग बाकावर ठेवलं.

“प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचं, वेळेवर जेवत जा.”

तिने सुईभोवती कापडाची एक घडी घातली. मग त्यावर आणखी एक.

“तेवढं माझं,” ती म्हणाली.