सतराशे पंच्याऐंशी छप्पन

"या जगाचा इतिहास दोन भागांत हाय, इंदू. छप्पनच्या आधीचा अन् छप्पनच्या नंतरचा!" आरशासमोर दाढी करून उभ्या देवमनजींनी जाहीर केलं.

"हाव. आधी कानाजवळचा फेस पुसा," इंदूबाई म्हणाल्या.

छप्पन म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट आणणारा छप्पन किलोबिटचा मॉडेम. निवृत्त होण्याआधी देवमनजींनी अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात अशा मॉडेमांची खोलीच्या खोली सांभाळली होती. डायल-अप गेलं, खोली रिकामी झाली. तिथं आता झाडू आणि फिनेल ठेवतात. पण जगातला कुठलाही वेग देवमनजी अजून छप्पनमध्येच मोजत. अमरावतीच्या घरी फायबर जोडायला आलेला माणूस म्हणाला, "काका, शंभर एमबीपीएस." देवमनजी डोळे मिटून म्हणाले, "म्हणजे सतराशे पंच्याऐंशी छप्पन. चिल्लर सोडून." त्याला वाटलं, काका भाव करून राहिले. त्यानं एक महिना फुकट दिला.

हे कौतुक घरापुरतं राहिलं असतं तर इंदूबाईंची हरकत नव्हती. पण लेक पिंकी नांदगाव खंडेश्वरला शिक्षिका, लग्नाची. आणि दोन स्थळं या छप्पननं खाल्ली होती. बडनेऱ्याचा रेल्वेतला मुलगा चहा घेता घेता एवढंच बोलला की तुमच्याकडे नेट चांगलं आहे. पुढचा तासभर त्याला उठता आलं नाही. "कळवतो" म्हणून गेला तो गेला. अगदी पहिल्या, चोवीसशे बिटच्या मॉडेमनं निरोप पाठवला असता तरी एव्हाना आला असता, असं देवमनजींचं मत होतं.

आज तिसरं स्थळ. मूर्तिजापूरचा संघपाल, नोकरी पुण्यात. आई भागीरथाबाई सध्या त्याच्याजवळ. त्याला रजा नाही, म्हणून बघणं व्हिडिओवर. पिंकीला फोटो आवडला होता. तसं ती बोलली नव्हती, पण सकाळपासून आईवर एकदाही खेकसली नव्हती, त्यावरून इंदूबाईंनी ओळखलं.

"आज तोंडातून छप्पन काढलं," त्यांनी नवऱ्याला बजावलं, "तं त्या मॉडेमसंगच संसार करा मंग."

"नाई काढत, बाप्पा."

फोन लागला. जय भीम झालं, तब्येतपाणी झालं. चित्र एकदाही अडखळलं नाही. संघपाल खुशीत म्हणाला, "एकदम साफ दिसून राहिलं. स्पीड किती आहे तुमच्याकडे?"

देवमनजींनी ओठ घट्ट मिटले. गाल फुगले. इंदूबाई छताकडे बघू लागल्या.

"सतराशे पंच्याऐंशी छप्पन," पिंकी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. लहानपणापासूनचं वळण, जातं कुठं?

"काय छप्पन?" भागीरथाबाई पुढे सरकल्या.

"आमच्या घरी सगळं छप्पनवरूनच मोजतात, मावशी," पिंकीनं सावरून घेतलं.

भागीरथाबाईंचे डोळे भरून आले. "मोजाच लागते, बाई. छप्पन साली माहे सासरे नागपूरले गेले, दीक्षा घेतली. तवापासून आमी ताठ मानेनं जगून राहिलो. आजकालच्या पोराईले कोण सांगते हे? घर चांगलं हाय, संघपाल."

इंदूबाईंचा जीव भांड्यात पडला. सोयरीक जुळल्यातच जमा होती. फक्त एका माणसानं गप्प बसायचं होतं. पण देवमनजींचे वडीलही त्या साली नागपूरला गेले होते. त्या छप्पनच्या नावावर हा छप्पन खपवणं त्यांच्या मनाला काही पटेना.

"ताई, त्या छप्पनपुढं आमीही हात जोडतो," ते म्हणाले. "पण पोरगी बोलली ते मॉडेमचं होतं."

पलीकडे भागीरथाबाई मागे सरकल्या. अलीकडे इंदूबाईंनी कपाळाला हात लावला.

मग संघपाल हसला. "तो आवाज करणारा डबा? लहानपणी मूर्तिजापूरच्या सायबर कॅफेत ऐकला होता. कसा होता हो तो आवाज, काका?"

आजवर हे देवमनजींना कोणी विचारलं नव्हतं. ते उठले, सदरा खाली ओढला, फोनसमोर येऊन उभे राहिले आणि डोळे मिटले. आधी डायल टोन. मग नंबर. पलीकडून एक लांब शिट्टी, अलीकडून तिला उत्तर. मग दोन अनोळखी यंत्रं एकमेकांना किती झेपेल ते विचारत असतात, तो सगळा खरखराट, चिरका, घोगरा, गळ्याच्या शिरा ताणून. आणि शेवटी जोडणी झाल्याची ती शांतता. खिडकीत शेजारीण येऊन उभी राहिली होती.

त्यांनी डोळे उघडले. संघपाल ओशाळला होता.

"काका, तोंड हललं तुमचं, पण आवाज काहीच नाही आला. हे ॲप फालतू आवाज आपोआप गाळून टाकते."

देवमनजी तसेच उभे राहिले. सतराशे पंच्याऐंशी छप्पनच्या रस्त्यावरून एकही छप्पन पलीकडे पोचला नव्हता.

"भाऊ," भागीरथाबाई म्हणाल्या, "जरासे बाजूले सरकता का? सूनबाई दिसून नाई राहिली."