बगळ्याच्या कानातला बिल्ला

खापरखेड्याला वीज कारखान्याची नवी कॉलनी उठू लागली, तेव्हा कन्हान नदीतली रेती बैलगाडीने वाहणाऱ्यांना जरा बरे दिवस आले. चंपतराव त्यांतलाच एक. त्याचे दोन बैल, बगळ्या आणि कापश्या, दोघेही पांढरेशुभ्र आणि इतके सारखे की शेजारचा देवराव रोज बघूनही त्यांची नावं चुकवायचा. चंपतरावची बायको गोपिका मात्र कधी चुकत नसे. चंपतराव मालक असला तरी बैल बायकोचे होते, असं म्हटलं तरी चालेल. ती गोठ्याच्या दारात उभी राहून "ये बावा, ये" म्हणाली की बगळ्या यायचा आणि तिच्या तळहातात तोंड घालायचा.

घरात एक नियम होता. एकाला जे मिळेल ते दुसऱ्यालाही मिळालंच पाहिजे. सरकीची ढेप सारखी, घुंगरं सारखी, पोळ्याची झूलही एकाच ताग्यातली. एकाला मूठभर जास्त गेलं तर चंपतराव बायकोवर डाफरायचा. जोडी ती जोडी.

अशात विम्याचा माणूस वस्तीत आला. रविंद्र नाव, नागपूरचा पोरगेला साहेब. देवरावच्या अंगणात बाजेवर बसून त्याने समजावून सांगितलं की वर्षाचा हप्ता भरा, बैल मेला तर त्याची किंमत मिळेल.

"अन् जिता राहिला तं?" चंपतरावने विचारलं.

"तं बैल राहते न काका तुमच्यापाशी."

हे उत्तर चंपतरावला पचलं नाही. घरी येऊन तो धुसफुसत राहिला. "आपल्याच बैलाच्या मरनावर पैसे लावाचे म्हंते. जिता राहिला तं आपला तोटा. हा कोनता धंदा होय?"

गोपिकाला तो धंदा कळला होता. देवरावचा बैल विजेच्या तारेला चिकटून मेला, तेव्हा देवरावने वर्षभर लोकांच्या गाड्यांवर रेती भरली होती, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. "अजी, करून टाका," ती म्हणाली. "दोघायचा करा."

"दोघायचा नाही झेपत. एकाचा करू."

"मंग नका करू. जोडीत असं नाही करत."

चंपतराव दोन दिवस हिशेब करत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने डोकं चालवलं. "बगळ्या हिवाळ्यात खोकलत होता. गेला तं तोच जाईन. त्याचाच करू."

बैलांचं भविष्य इतकं कळत होतं तर हा माणूस रेती कशाला उपसत बसला होता, कोण जाणे.  कोण मरायचा ते नवऱ्याने ठरवलं आणि गोपिकाने ऐकून घेतलं, हे तिला पुढे जन्मभर टोचणार होतं.

गुरांचा डॉक्टर विम्याच्या नंबराचा पितळी बिल्ला घेऊन आला. बगळ्या त्याला जवळ येऊ देईना. शेवटी गोपिकाने "ये बावा, ये" म्हटलं, त्याने तिच्या हातात तोंड घातलं आणि चिमट्याने बिल्ला कानात बसला. रविंद्रने बजावून सांगितलं, "बैल दगावला तं हा बिल्ला कानासकट आना. बिल्ला नाही तं पैसे नाही." कापश्या बाजूला उभा राहून रवंथ करत होता.

आषाढात घटसर्पाची साथ आली. सकाळी कापश्याने चाऱ्याला तोंड लावलं नाही, दुपारपर्यंत त्याचा गळा सुजून घडा झाला. डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेला. दिवस कलायच्या आत कापश्या गेला. बगळ्या दाव्याला ताण देऊन त्याची पाठ चाटत होता, आणि गोपिका त्याला बाजूला करायला धजत नव्हती.

चंपतराव बराच वेळ भिंतीला टेकून बसला. मग बगळ्याच्या कानाकडे बघत म्हणाला, "कोनता बैल मेला, हे इमावाल्यायले काय समजते?"

गोपिकाला त्याचा डाव कळला. "तो बिल्ला निंघत नाही. कान कापा लागते."

"कापला तं कापला. कानानं गाडी ओढते काय बैल? अन् एका बैलानं कोनाची गाडी चालते, तूच सांग मले."

 चंपतराव विळा घेऊन गोठ्यात शिरला. बगळ्याने शिंगं रोखली, लाथ झाडली. चंपतराव धापा टाकत बाहेर आला आणि म्हणाला, "तू बोलाव वं. तुह्या आवाजाले येते तो."

आणि तिने बोलावलं. दुसरं काय करायला हवं होतं ते तिला तेव्हा सुचलं नाही, म्हणून तिने बोलावलं. बगळ्याने तिच्या हातात तोंड घातलं. नंतर तो जो ओरडला, तो आवाज गोपिकाने आजवर बैलाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मग चंपतरावने कापश्याचाही कान तसाच कापून पुरून टाकला. बगळ्याला देवरावच्या मागच्या गोठ्यात लपवलं. सकाळी डॉक्टर आणि रविंद्र आले, डॉक्टरने सुजलेला गळा पाहिला, कानाचा तुकडा पाहिला. पंच म्हणून देवरावने सही केली. पांढरा बैल मेला होता आणि कागदावर त्याचं नाव बगळ्या होतं. रविंद्रचे डोळे ओलावले. "बरं झालं काका, इमा काढून ठेवला होता," तो म्हणाला. भला पोरगा होता बिचारा.

पैसे आले. पोळ्याच्या आधी चंपतरावने तांबडा बैल आणला. पण त्याला जोडी द्यायची कुठून? बगळ्याचा कान चिघळून अर्धा गळून गेला होता. रविंद्र दर आठवड्याला या रस्त्याने जायचा. कान तुटका पांढरा बैल त्याच्या नजरेस पडला असता तर त्याला सगळं उमजलं असतं.

"बगळ्याले कुही गावी माह्या बहिनीकडं ठेवू," गोपिका म्हणाली. बहिणीच्या नवऱ्याने खरं काय ते ऐकलं आणि नको म्हणून हात जोडले.

देवराव येऊन दारात उभा राहिला. "चंपत, कागदावर माही बी सही हाये गा. माह्या गोठ्यात ते जनावर नको आता."

चंपतरावने गुरांच्या दलालाला निरोप धाडला. कागदावर मेलेल्या बैलाला कामावर जुंपता येत नाही. त्याचे जे येतील त्यांत एखादं म्हातारं जनावर तांबड्याच्या जोडीला आलं असतं. दलाल कुठे नेणार हे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

पोळ्याला तांबड्या एकटाच झूल घालून तोरणाखाली उभा राहिला. गोपिकाने त्याला ओवाळलं, पुरणाची पोळी चारली, आणि दुसरी पोळी पदराखाली घेऊन देवरावच्या मागच्या गोठ्यात गेली. नाकारली असती तर बरं झालं असतं. बगळ्याने ती पोळी खाल्ली आणि तिचा हात चाटून पुसून साफ केला.

दुसऱ्या सकाळी पोरं गल्लीतून मारबतीचा पुतळा मिरवत होती, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडत होती. दलाल आला. बगळ्या गोठ्याबाहेर निघेना. दलालाने शेपटी पिरगाळली, काठी घातली. पाठीवर वळ उठले. चंपतराव जमिनीकडे बघत म्हणाला, "तू बोलाव वं. मार तं वाचन त्याचा."

"ये बावा, ये," गोपिका म्हणाली.

बगळ्या मुकाट्याने बाहेर आला आणि त्याने तिच्या तळहातात तोंड घातलं. दलाल हसला. "मायवानी जीव हाये हो याचा तुमच्यावर. नाव काय याचं? रस्त्यात कामी येईन."

चंपतरावने मान वर केली. देवराव कुंपणापाशी उभा होता. गोपिकाने बैलाच्या उरलेल्या कानामागे हात फिरवला आणि ती म्हणाली, "कापश्या."

दलालाने दोर धरला. "चाल कापश्या, चाल," म्हणत तो निघाला. बगळ्या थांबून थांबून मागे घराकडे बघत होता. नावाने हाक मारूनही चालत नाही म्हणून दलालाने वळणावरच त्याला पहिली काठी हाणली.