ओर्लिनचा ट्रक डीलरच्या दारात

ओर्लिन ट्वेटनने ऑइल बदलण्यासाठी डीलरला आयुष्यात एक डॉलर दिला नव्हता, आणि ही गोष्ट गावात कुणालाही सांगायची त्याने बाकी ठेवली नव्हती. धान्य सोसायटीच्या ऑफिसात सकाळी कॉफीला जमणारी म्हातारी मंडळी तर ती ऐकून ऐकून विटली होती. पण ओर्लिन थांबतोय कसला. ट्रकखाली पुठ्ठा अंथरायचा, पाठीवर सरकत आत जायचं, नट सोडून काळं ऑइल घमेल्यात काढायचं, फिल्टर बदलायचा, वरून नवं ऑइल ओतायचं. यात आहे काय एवढं? आणि एवढ्याशा कामाला ज्याला डीलर लागतो त्याने पिकअप ट्रक घ्यावाच कशाला, बायकोची गाडी चालवावी, असं तो सगळ्यांच्या तोंडावर म्हणायचा. ट्रकने तीन लाख मैल कधीच ओलांडले होते आणि इंजिन अजून मांजरासारखं घुरघुरत होतं, तेव्हा बोलायला त्याला तोंड होतं हेही खरं.

घोटाळा एवढाच होता की त्याची एकुलती एक लेक मारिट दोन वर्षांपासून शेजारच्या मोठ्या गावात डीलरच्याच वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होती.

तिला हे वेड लावलं कुणी, तर त्यानेच. इतर पोरी चर्चच्या गायनाला जायच्या तेव्हा ही बापाच्या शेजारी पुठ्ठ्यावर आडवी पडून ट्रकचं पोट बघायची. पुढे ती रीतसर शिकली आणि डीलरकडे लागली, तेव्हा ओर्लिन एवढंच म्हणाला की पगार वेळेवर देतात ना, मग ठीक. मनातून त्याला वाटलं होतं, आपण घडवलेली पोर शत्रूच्या गोटात गेली. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. अर्थात डलोरिसला ते न सांगता कळलं होतं, तिला सगळंच कळायचं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी चर्चनंतर मारिट जेवायला आली होती. डलोरिसने भाजलेलं गोमांस आणि बटाटे वाढले आणि ओर्लिन म्हणाला की उद्या ट्रकचं ऑइल बदलून टाकतो, थंडी पडायच्या आत. मारिटने काटा खाली ठेवला.

"बाबा, या वेळी माझ्याकडे आणा ना."

"डीलरकडे? मी?" ओर्लिन हसला. "सोसायटीतले मला गाढवावर बसवतील."

तिला हसू आलं नाही. मग तिने सांगितलं ते त्याने याआधी कधी ऐकलं नव्हतं. दोन वर्षं झाली तरी तिच्या वाट्याला टायर बदलायचे आणि गाड्या धुवायच्या. मॅनेजर वाईट नव्हता, पण काउंटरवर येणारे शेतकरी तिला बघून विचारायचे, कुणी पुरुष माणूस नाही का आत. तो तरी काय करणार, गिऱ्हाईक तोडून कसं चालेल. गेल्या आठवड्यात तर एकाने सरळ म्हटलं होतं, हिचा बापच हिच्या हातात ट्रक देत नाही, मग मी कशाला देऊ.

"मी तिकडे फार्गो शहरात नोकरी बघतेय," मारिट म्हणाली. "तिथे मी कुणाची मुलगी हे कुणाला ठाऊक नसेल."

आता या ठिकाणी शहाण्या माणसाने काय म्हणायला हवं होतं ते कुणीही सांगेल. ओर्लिन म्हणाला, "फार्गोत भाडी फार आहेत." मारिट उठली, ताटली धुऊन जागेवर ठेवली आणि निघून गेली. तिची गाडी रस्त्याला लागेपर्यंत डलोरिस खिडकीत उभी होती.

"पिकतं तिथं विकत नाही म्हणतात," ती म्हणाली. "पण विकू न देणारा घरातलाच असावा, हे मी आज पाहिलं."

सोमवारी सकाळी ओर्लिन शेडमध्ये गेला तो धुमसतच. पाने आपटले, पुठ्ठा आपटला, कुत्र्यावर खेकसला. राग कुणाचा येतोय हे त्याला नीट माहीत होतं, आणि म्हणूनच तो आणखी चिडला होता. पोर म्हणाली त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्याच्या बढाईची किंमत ती भरत होती. पण बहात्तराव्या वर्षी सोसायटीतल्या त्या टवाळांसमोर मान खाली घालायची? त्यातही गेलनसमोर? तो गेलन तर मरेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. अशा तिरमिरीत त्याने जुना फिल्टर फिरवून काढला, नवा बसवला, ऑइल ओतलं, आणि सरळ मोठ्या गावच्या रस्त्याला लागला. पाण्याच्या पंपाला पट्टा आणायचा होता. एरवी तो इंजिन चालू करून मिनिटभर खाली वाकून बघायचा, कुठे गळतंय का. त्या दिवशी नाही बघितलं.

मोठं गाव दोनेक मैलांवर असताना ऑइलचा लाल दिवा लागला.

ओर्लिनने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं आणि ट्रक तसाच घरंगळत कडेच्या गवतात नेला. उतरून मागे पाहिलं तर डांबरावर काळी ओली रेघ, लांबपर्यंत. तो गवतात आडवा झाला, हात आत घातला, आणि बोटांना काय लागलं ते त्याला लगेच कळलं. फिल्टरच्या तोंडाला रबराची एक रिंग असते. जुना फिल्टर निघाला, पण त्याची रिंग इंजिनला चिकटून वर राहिली होती, आणि ओर्लिनने नवा फिल्टर तिच्यावरच चढवला होता. एकावर एक दोन रिंगा. दाब आला की ऑइल बाहेर फेकणारच. नवशिक्या पोराने केली असती ही चूक, तर त्याने सोसायटीत महिनाभर सांगून त्याची सालटी काढली असती.

वारा बोचरा होता. त्याने तेलकट बोटं पँटला पुसली. मग फोन काढला आणि मारिटला लावला.

ती टोइंगची गाडी घेऊन आली. थेट ट्रकखाली सरकली, टॉर्च मारला आणि तशीच बाहेर आली. बोटांत ती काळी जुनी रिंग होती. ओर्लिनने दूर शेतातल्या सूर्यफुलांच्या वाळल्या दांड्यांकडे तोंड फिरवलं. तिला आता हवं ते बोलता आलं असतं आणि त्याला ऐकून घ्यावं लागलं असतं.

"इंजिन वाचलंय, तुम्ही वेळेवर बंद केलंत," ती म्हणाली. "फिल्टर आणि ऑइल माझ्या गाडीत आहे. इथेच करून देते, बाबा. कुणाला कळायचं नाही."

ओर्लिनने तिच्याकडे बघितलं. काल याच पोरीला त्याने भाड्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि आज ती गवतात गुडघे टेकून त्याची अब्रू झाकायला निघाली होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच क्षणी तिचा अभिमानही वाटला.

"नाही," तो म्हणाला. "ओढून ने. पुढच्या दाराने आत घे."

"सगळे बघतील."

"बघू देत की."

आणि बघायला होतं कोण? वेटिंग हॉलमधल्या खुर्चीत, फुकटची कॉफी आणि डोनट घेऊन साक्षात गेलन बसला होता. बायकोची गाडी ऑइल बदलायला आणली होती म्हणे, स्वतःची नव्हे, हे त्याने कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. मग त्याला काचेपलीकडे ओर्लिनचा ट्रक साखळीला लटकत येताना दिसला, आणि त्याचा डोनट हातातच राहिला.

काउंटरवरच्या पोराने नेहमीच्या सवयीने विचारलं की मोठ्या मेकॅनिकला बोलावू का. "नको," ओर्लिन म्हणाला. "मारिट करेल. मी थांबतो." आणि तो खुर्चीत बसला नाही, काचेला नाक लावून उभा राहिला.

ट्रक लिफ्टवर वर गेला. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याने तो खालून असा उजेडात पाहिला नव्हता. मारिटने नवा फिल्टर हातात घ्यायच्या आधी इंजिनवरची फिल्टर बसायची जागा फडक्याने पुसली, मग बोट गोल फिरवून चाचपली, मग पुन्हा पुसली. रिंगला ऑइलचं बोट लावलं. फिल्टर हाताने बसवला, पान्याने आवळला नाही. घाई नव्हती आणि एक हालचाल वाया जात नव्हती. इंजिन चालू केल्यावर टॉर्च घेऊन ती खाली उभी राहिली ती राहिलीच. ओर्लिन मनात म्हणाला, मी इतका वेळ कधी थांबलो होतो?

ती हात पुसत हॉलमध्ये आली तेव्हा काउंटरवरच्या पोराने विचारलं, काय झालं होतं. "फिल्टर गळत होता," मारिट म्हणाली. "बदलला." बस्स. बापाचं नाव नाही, रिंगेचं नाव नाही.

"फिल्टर खराब निघाला म्हणायचा," गेलन म्हणाला. "हल्लीचा मालच तसा. काय रे ओर्लिन?"

बघा, दार कसं आयतं उघडून मिळालं होतं. नुसती मान हलवायची आणि चाळीस वर्षांची बढाई शाबूत घेऊन घरी जायचं. शिवाय त्या मुलखात आपल्या पोरांचं कौतुक चारचौघांत करायची रीतच नाही. बाप लेकीच्या लग्नात सुद्धा फार तर हवामानावर बोलतो. पोर पहिली आली तर म्हणायचं, पास झाली. कुणी स्तुती केलीच तर तोंड फिरवून कॉफी मागायची. ओर्लिनने या रीतीबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि म्हणून त्याचे कान आधीच तापले.

"फिल्टर चांगला होता," तो म्हणाला. "मी गाढव. जुनी रिंग इंजिनलाच राहिली आणि मी त्यावर नवा चढवला."

गेलनने तोंड उघडलं. ज्याची तो जन्मभर वाट बघत होता ते त्याच्या पुढ्यात येऊन पडलं होतं. पण ओर्लिन थांबला नाही.

"ही रस्त्यातच सगळं झाकून टाकत होती, मीच म्हटलं आत चल. गेलन, मी तिथे काचेपाशी उभं राहून बघितलं. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. थोडाथोडका नाही. मी या पोरीला शिकवलं हे मी आता सांगत फिरणार आहे, आणि ती माझ्या पुढे गेली हेही. उद्या सोसायटीत तू सांगायचं विसरलास तर मी सांगेन."

काउंटरवरचा पोरगा कीबोर्डकडे बघत राहिला. मारिट दारात उभी होती, हातात ते काळं फडकं, आणि तिला ते कुठे ठेवावं सुचत नव्हतं. ओर्लिन तिच्याकडे बघू शकला नाही. पैसे देताना पोरगा म्हणाला की कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सूट असते. ओर्लिनने सूट घेतली नाही. घरच्यांची कसली सूट, तो म्हणाला, मी गिऱ्हाईक म्हणून आलोय.

मग गेलनने उरलेला डोनट कागदात गुंडाळला, टोपी नीट केली आणि काउंटरशी जाऊन उभा राहिला.

"माझी गाडी अजून कुणी आत घेतली नाही ना?" त्याने विचारलं. "मग ती ओर्लिनच्या मुलीकडे द्या. तिला वेळ नसेल तर मी थांबेन."

मारिटने पुढे होऊन त्याच्या हातातली किल्ली घेतली.