तोंडून न निघणारा शब्द

एल्दियारने राउटरची वायर खसकन उपटली. भिंतीवरचे हिरवे दिवे विझले आणि टेबलाखाली लपवून चाललेले दोन-तीन फोन एकदम मुके झाले.

“आता तरी सगळ्यांचं लक्ष इकडे राहील,” तो म्हणाला.

काराबुलाकच्या दवाखान्यातली सगळी माणसं डॉक्टर तोकतोसूनच्या खोलीत जमली होती. स्वतः डॉक्टर, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर सातारकुल, दोन तरुण परिचारिका आणि गुलसायरा. गुलसायरा नोंदी ठेवायची, आणि कॉम्प्युटर नि वायफायही तिच्याच ताब्यात होतं, कारण दुसऱ्या कोणी ते अंगावर घेतलंच नव्हतं. किटली केव्हाची उकळत होती, पण चहा कोणी ओतत नव्हतं. या खोऱ्यात चहाविना माणसं बसली म्हणजे काहीतरी फार वाईट घडलेलं असतं.

वाईट घडलंच होतं. क्षयाच्या तपासणीचे निकाल दवाखान्यातून फुटले आणि गावाच्या ग्रुपवर फिरले. कोणाच्या थुंकीत जंतू सापडले ते पोराटोरांनी वाचलं. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. एका म्हाताऱ्याच्या घोडींचं दूध उन्हाळाभर लोक रांग लावून न्यायचे, आता त्याच्या दाराकडे कोणी फिरकत नव्हतं. निकाल कुठून फुटले हे शोधायला नेटवर्कच्या कंपनीने एल्दियारला बिश्केकहून धाडलं होतं. दोन वर्षांपूर्वी इथलं नेटवर्क त्यानेच उभं केलं होतं, तालुक्याच्या गावी वर्ग घेऊन कर्मचाऱ्यांना शिकवलंही त्यानेच होतं.

“गुलसायरा एजे, पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?” एल्दियारने विचारलं. एजे म्हणजे ताई, तेवढा मान त्याने ठेवला.

“मला.”

“आणखी?”

“कोणालाच नाही.”

“मीच नको म्हणालो,” डॉक्टर मध्येच बोलले. “माझ्या डोक्यात कुठे राहतंय ते? कोणाचा फोन जोडायचा असला की ती स्वतः टाकून देते.”

“बरं. आहे काय तो पासवर्ड? मुलीचं नाव? वाढदिवस?”

गुलसायराने नकारार्थी मान हलवली.

“सांगा की. नाहीतरी आज बदलायचाच आहे.”

“कॉम्प्युटर द्या. मी टाइप करते.”

“टाइप नको. बोला, सगळ्यांसमोर. गावाची अब्रू आपण कसल्या कुलपात ठेवली होती ते कळू दे ना सगळ्यांना!”

“ते मला बोलता येणार नाही.”

एल्दियार हसला. एक परिचारिकाही हसली आणि मग तिने पटकन मान खाली घातली.

“बोलता येणार नाही, की बोलायची सोय नाही?”

गुलसायराचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. डोक्याच्या रुमालाचं टोक तिने ओढून ओठांवर घेतलं.

“सांगून टाक, बाई,” डॉक्टर कळवळून म्हणाले. “का उगाच स्वतःवर संशय ओढवून घेतेस?”

तिने कमरेची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली आणि ती बाहेर पडली. दारही तिने आवाज न करता लावलं.

“वा रे वा!” सातारकुल म्हणाला. “शहरातून साहेब आला आणि आल्या आल्या आमची एक बाई वजा करून टाकली.”

एल्दियारने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. खिडकीशी जाऊन, फोन उंच धरून त्याने ऑफिसला कळवलं: आतल्याच माणसाकडून फुटलंय, पासवर्ड सांगायला नकार दिला. निरोप गेला आणि त्याला हलकं वाटलं. आता टेकडीवरचा अँटेना तेवढा बघायचा राहिला होता. तो त्याने स्वतःच्या हातांनी बसवला होता, म्हणूनच शेवटी ठेवला होता.

गाडी अर्ध्या टेकडीपर्यंतच जायची, पुढे चढ पायी होता. सातारकुल धापा टाकत मागून येत होता आणि त्याचं तोंड काही बंद होत नव्हतं.

“हिवाळ्यात इथे कोण येतं, माहितीये? तीच. बर्फ साचला की नेट जातं, मग ही बया झाडू घेऊन वर. मी म्हणतो, अगं, मी जातो, तर म्हणते, तुमचे गुडघे धड नाहीत, ड्रायव्हरबाइके.”

“चांगलं आहे.”

“चांगलं काय? इतकी वर्षं एका गाडीतून फिरतोय आम्ही, पण कधी नावाने हाक नाही. सदा ड्रायव्हरबाइके, ड्रायव्हरदादा! आता तिचाही काय दोष म्हणा. सासऱ्याचं नावही सातारकुलच होतं ना. सुनेने घ्यायचं कसं? सासरा गेला, मग नवराही रशियातून पेटीत बंद होऊन आला, तरी दोघांची नावं अजून तिच्या तोंडात नाहीत. हल्लीच्या पोरी काही पाळत नाहीत. ही आपली जुन्या वळणाची.”

एल्दियारने हं म्हटलं. त्याची आईही आजोबांना जन्मभर ‘घरातले मोठे’ म्हणत आली होती आणि लहानपणी तो त्यावरून तिची खूप टर उडवायचा. ते आठवलं आणि त्याने झटकून टाकलं.

अँटेनाच्या खांबापाशी तो थबकला. वायरच्या जोडावर कोणीतरी प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळली होती आणि पाणी शिरू नये म्हणून वरून एक फुलाफुलांचा रुमाल आवळून बांधला होता. ऊन-बर्फाने रुमालाचा रंग उडून गेला होता. त्याने स्वतः तो जोड उघडाच सोडला होता.

दगडावर बसून त्याने लॅपटॉप जोडला. अँटेनाने नाव आणि पासवर्ड मागितला. त्याने आपला नेहमीचा टाकला. चूक आहे, असं उत्तर आलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मग त्याने कारखान्यातून येतो तो शब्द टाकला, प्रत्येक खोक्यावर छापलेला, जगातल्या कोणालाही माहीत असलेला.

अँटेना उघडला.

त्याला तो दिवस लख्ख आठवला. चुलतभावाच्या लग्नाचं जेवण होतं, मेंढी शिजली होती, मानाचं हाड त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं आणि फोनवर फोन येत होते. पासवर्ड नंतर बदलू, असं तो म्हणाला होता. इथे डोंगरावर कोण मरायला येतंय? शेळ्या? अँटेनाच्या लहरी टेकडी उतरून रस्त्यापर्यंत, बाजारापर्यंत जातात हे वर्गात फळ्यावर काढून दाखवणारा तोच, आणि असं म्हणणाराही तोच. कुलूप लावलं होतं खरं, पण किल्ली कडीलाच लटकत होती.

अँटेनातल्या नोंदींत परकी माणसं येऊन गेल्याचं स्पष्ट दिसत होतं. दवाखान्यातून तालुक्याला जाणारा प्रत्येक निकाल याच अँटेनातून जायचा, आणि त्यावर वेगळं झाकण घालायलाही तो विसरला होता. इथे शिरलेल्याला सगळं वाचायला मिळालं. खालच्या राउटरचा पासवर्ड कितीही भक्कम असला तरी त्याचा काही उपयोग नव्हता. खालच्या राउटरच्या नोंदींची प्रतही अँटेनात साठत होती, तीही त्याने काढली. तिथे कितीतरी जणांनी धडका मारल्या होत्या. आत एकही शिरला नव्हता.

“सापडलं का काही?” सातारकुलने विचारलं.

“नाही,” एल्दियार म्हणाला. “थोडा गंज आहे.”

हे शब्द तोंडातून गेले आणि त्याला स्वतःचीच किळस आली. पण हात कामच करत राहिले. त्याने नवा पासवर्ड टाकला. आता फक्त नोंदी पुसायच्या होत्या. एक बटण दाबलं की संपलं. कोणाला कळणार होतं? गुलसायराची नोकरी जाईल, चार लोक चार दिवस बोलतील. नाही, चार दिवस कसले. या खोऱ्यात लोक तिच्या नातवंडांनाही ऐकवतील. शेजारी रुमालाचं सुटलेलं टोक वाऱ्याने फडफडत होतं. त्याने लॅपटॉप मिटला. नोंदी तशाच राहू दिल्या.

“बाइके, गुलसायरा एजेंच्या घरी चला.”

“आता कशाला? आणखी काही विचारायचं राहिलंय का?” सातारकुलच्या आवाजात पहिल्यांदाच राग होता.

“गंज नव्हता तो,” एल्दियार म्हणाला. “चूक होती. माझी.”

सातारकुलने त्याच्याकडे पाहिलं आणि तो टेकडी उतरायला लागला. खाली पोहोचेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. एल्दियारला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दार गुलसायराच्या सासूने, बुरूल अपाने उघडलं. सुनेने घरी काही सांगितलेलं दिसत नव्हतं, कारण म्हातारी त्याला बघून हरखून गेली.

“अगं बाई, हाच का तो शिकवणारा? ये, बाळा, वर बैस. गुलसायरा, ऐकलंस का, तुझे मास्तर आलेत! वर्गाहून आली तेव्हा महिनाभर तुझंच चालू होतं. मास्तर असं म्हणाले, मास्तर तसं म्हणाले. मलासुद्धा दम देते, अपा, फोन कुणाच्या हातात देऊ नका!”

तिने त्याला वरच्या गादीवर, मानाच्या जागी बसवलं, पुढ्यात कापड पसरलं आणि त्यावर रोटी ठेवली. गुलसायरा आतून आली आणि दारातच उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

“आधी रोटी मोड,” अपा म्हणाली.

“अपा, आधी मला बोलू द्या.” तो गादीवरून खाली उतरून बसला. “निकाल माझ्यामुळे फुटले. टेकडीवरचा अँटेना मी उघडा टाकून गेलो होतो. एजेंची काडीइतकीही चूक नाही, आणि मी आज सगळ्यांसमोर त्यांना चोर ठरवलं.”

म्हातारीने सुनेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

तिथेच बसून त्याने ऑफिसमधल्या साहेबांना फोन लावला. सकाळचा अहवाल मागे घेतो, आतल्या माणसाचं नाही, माझं काम आहे, पुरावा अँटेनात आहे. पलीकडचा आरडाओरडा खोलीभर ऐकू येत होता. नोकरी जाईल, हेही सगळ्यांना ऐकू आलं. फोन बंद करून त्याने तो पालथा ठेवला.

“उद्या सकाळी सगळ्यांसमोर हेच सांगेन,” तो म्हणाला. “ग्रुपवरही लिहितो.”

गुलसायरा दारातून आत आली आणि सासूशेजारी बसली.

“राउटर पुन्हा सुरू करायचा आहे, एजे. जुना पासवर्ड टाकल्याशिवाय तो उघडत नाही. तुम्ही लॅपटॉपमध्ये टाकून ठेवा, दवाखान्यात जोडला की तो आपोआप उघडेल. मी बघत नाही.”

त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मागे तिची बोटं सावकाश चालत होती. मध्येच थांबली.

“लांब आहे,” ती पुटपुटली. “चुकलं वाटतं. डोळ्याचं चिन्ह दाबून बघते.”

म्हातारीही वाकून बघत असावी, कारण एकाएकी तिचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

“अगं... हे तर आपल्या...” एवढंच म्हणून ती थांबली. पुढचं तीही बोलली नाही. मग गेलेल्यांसाठी म्हणतात तसं तिने ‘आमीन’ म्हटलं आणि हात चेहऱ्यावरून फिरवल्याची सळसळ झाली.

“वर्गात तुम्हीच सांगितलं होतंत, मास्तर,” गुलसायराचा आवाज आला. त्यात तक्रार नव्हती. “चुकूनही तोंडून निघणार नाही असा शब्द घ्या, म्हणाला होतात. मी पुष्कळ विचार केला. मला असे दोनच ठाऊक होते.”

एल्दियारच्या समोर भिंतीवर दोन फोटो होते. पांढऱ्या उंच टोपीतला एक म्हातारा, आणि त्याच्याच नाकाडोळ्यांचा एक तरुण माणूस. म्हाताऱ्याचं नाव आता त्याला माहीत होतं.

“झालं,” गुलसायरा म्हणाली. “पुसलं मी पडद्यावरून. आता वळलात तरी चालेल.”

एल्दियार वळला नाही.