खालच्या खणातले फ्रॉक

एका घरात एक भूत राहायचं आणि ते इस्त्रीला घाबरायचं. फुस्स करून वाफ निघाली की कपाटामागे दडून बसायचं. भूत कसलं, पाच वर्षांची पोर ती. घरातली थोरली. तापाने गेली तेव्हा पाचाची होती, म्हणून पाचाचीच राहिली. धाकटी वर्षभराने जन्मली. थोरली दिसायची ती तिला एकटीला.

आई शिवणकाम करायची. समोरच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि खुंट्यांना गिऱ्हाइकांचे एका बाहीचे कोट. मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत थोरलीची जागा. धाकटी रांगत होती तेव्हा थोरलीने तिला डोळे भरून पाहिलं, बटणं गिळू दिली नाहीत, पहिलं पाऊल टाकताना टाळ्या वाजवल्या. मग दोघी एकदा बरोबरीच्या झाल्या. आणि आता धाकटी सात वर्षांची.

"ताई, तू माझ्या कानापर्यंतच येतेस."

"येईना का! तरी ताई मीच."

"इस्त्रीला घाबरणारी ताई!"

"आणि तू झुरळाला. गप बस."

असं त्यांचं चालायचं. पण थोरलीच्या मनाला एक गोष्ट कुरतडत होती. कपाटाचा खालचा खण.

दरवर्षी थोरलीच्या वाढदिवसाला आई दुपारी दार लोटून घ्यायची, गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारायची आणि एक फ्रॉक शिवायची. कोणाला बोलवायचं नाही, कोणाचं माप घ्यायचं नाही. शिवून झाला की घडी घालून खालच्या खणात, वर कुलूप. भुताला कुलपाचं काय! पहिल्या वर्षी थोरलीने खणात शिरून फ्रॉक घालून पाहिला. जरासा सैल होता. तिला कोण आनंद! तिसऱ्या वर्षी बाह्यांत बोटं हरवली. आणि या वर्षीच्या आठव्या फ्रॉकमध्ये ती शिरली, तर गळ्यातून अख्खीच्या अख्खी बाहेर निसटली.

ती खणातच बसून राहिली. आईचं माप चुकत नाही, हे सगळी गल्ली सांगायची. माणूस दारातून आत येईपर्यंत आई त्याची छाती-कंबर सांगून मोकळी. मग आठ-आठ फ्रॉक चुकतील कसे? म्हणजे ते आपले नाहीतच. आई दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या मुलीची वाट बघतेय. ती आली की आपण इथे कोण?

भुताला घरात आपण उपरे आहोत असं वाटायला लागलं, की ते धुऊन धुऊन झिजलेल्या कापडासारखं विरत जातं. धाकटी शाळेतून आली तेव्हा थोरली गुडघ्यांपर्यंत विरली होती.

"ताई! तुझे पाय कुठे गेले?"

"मी पण जाते आता. आईची मोठी मुलगी येणार आहे. तिचे फ्रॉक तयार आहेत."

"कोण मोठी? मला न विचारता कोण येतंय?"

थोरलीची कंबरही फिकी व्हायला लागली होती. धाकटी दप्तर टाकून पळत सुटली.

"आई, खालच्या खणातले फ्रॉक कोणाचे?"

मशीन थांबलं. टाचण्या धरलेल्या ओठांतूनच आई पुटपुटली, "खणाचं तुला कोणी सांगितलं?"

"ताईने. आपल्या ताईने. तिला ते खूप मोठे होतात. म्हणून ती चाललीय."

आई रागावणार होती. तोंडात टाचण्या होत्या म्हणून तेवढा वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात राग कुठेतरी निघून गेला. एकेक टाचणी काढून तिने उशीत टोचली.

"तिचेच आहेत गं ते," ती हळूच म्हणाली. "दरवर्षी दोन बोटं वाढवून कापते. आता तेराची झाली असती ना."

"पण ती वाढत नाही, आई. एवढीच आहे." धाकटीने स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला.

आई त्या हाताकडे बघत राहिली. गावभरच्या अंगांची मापं घेणारी बाई, आणि आठ वर्षं तिने स्वतःच्या लेकीचं माप चुकवलं होतं. तिने तोंडाला पदर लावला. धाकटीला फक्त तिचे खांदे हलताना दिसले.

मग तिने गळ्यातली टेप काढली. "आण तिला."

धाकटीने थोरलीला हाताला धरून टेबलासमोर उभं केलं. आईने गुडघे टेकले आणि रिकाम्या हवेभोवती टेप धरली. "इथे?" "अजून खाली. हां, इथे."

"हात जरा वर कर, बाळा," आई हवेला म्हणाली. "आणि श्वास रोखून धरू नकोस. मोकळा सोड, नाहीतर काखेत काचेल."

थोरलीने श्वास सोडला. नव्हताच, तरी सोडला.

आईने आठवा फ्रॉक टेबलावर पसरला आणि कात्री घेतली. आठ वर्षांत वाढवलेलं सगळं तिने कापून काढलं. तेरावं वर्ष खाली पडलं, मग बारावं, अकरावं. सहाव्या वर्षापाशी तिचा हात थांबला. बराच वेळ थांबला. मग तेही पडलं.

टीप मारून झाल्यावर तिने एवढासा फ्रॉक मांडीवर ठेवला.

"घातला?"

"घातला."

"बसला का नीट?"

"खांद्यात बरोब्बर. पायपण आले तिचे."

"हसतेय का गं?"

धाकटीने नीट निरखून पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं. "नाही. तुझ्याकडे बघतेय."

"कुठून?"

"तुझ्या मांडीवरून."

बाहेरून दार वाजलं. "बाई, माझा कोट झाला का? आज देते म्हणाला होतात!"

आईने मांडी जराही हलू दिली नाही.

"उद्या या," ती बसल्या जागेवरूनच म्हणाली. "आज लेक बसलीय मांडीवर."