निवळायला वीस मिनिटं

गेली अकरा वर्षं मी शाळेच्या शिक्षकांना ओढा शिकवतो. म्हणजे पाणलोट, गाळ, पाण्यातले किडे, सगळंच. पण ‘ओढा शिकवतो’ म्हटलं की लोक पुढे काही विचारत नाहीत आणि ते मला बरं पडतं.

या वेळच्या यादीत सतराव्या क्रमांकावर माझ्या मुलीचं नाव होतं. शाळेने पाठवलं म्हणून आली होती, माझ्यासाठी नव्हे. तिची आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, ती माझ्याशी बोललेली नव्हती. पहिल्या दिवशी हजेरी घेताना तिचं नाव आलं, तशी ती म्हणाली, “हजर, सर.” बावीस शिक्षकांत कुणालाच पत्ता नव्हता की या बाई माझ्या कोण. मीही सांगितलं नाही. एकदा तरी ‘बाबा’ म्हणेल, एवढीच वाट बघत राहिलो.

चार दिवस तसेच गेले. मी ट्रेमध्ये मातीचा उतार केला, अर्ध्या भागावर गवत लावलं, अर्धा उघडा ठेवला आणि वरून झारीने पाणी सोडलं. उघड्या बाजूने चहाच्या रंगाचं पाणी आलं, ते तिने मन लावून वहीत लिहून घेतलं. जेवताना ती शिक्षिकांच्या टेबलावर आणि मी खिडकीपाशी एकटा. तिचं हसणं मात्र ऐकू यायचं. आमच्या घरात ते ऐकून किती वर्षं झाली होती!

शेवटच्या दिवशी सगळे ओढ्यावर. तिथे माझा एकच नियम आहे आणि तो मी घसा फोडून सांगतो: पाण्यात खालच्या बाजूने शिरायचं, प्रवाहाकडे तोंड करून नमुना घ्यायचा. वरून उतरलात तर तुमच्याच पायांचा गाळ गढूळपणा मोजायच्या नळीत येतो आणि तुम्ही ओढ्याला नावं ठेवता. दरवर्षी कुणी ना कुणी वरून उतरतंच आणि मी त्याची बिनपाण्याने करतो.

ती सगळ्यांपासून जरा वरच्या बाजूला, हातात नळी धरून एकटीच उभी होती. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. दुपारी त्यांची बस निघणार होती. काठाकाठाने गेलो आणि घाईत पाण्यात उतरलो. नेमका तिच्या वरच्या बाजूला.

“बाबा! खालून या ना!”

गाळाचा लोट तिच्या पायांवरून थेट बाकीच्यांच्या नळ्यांपर्यंत गेला. भूगोलाचे सर एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

“वीस मिनिटं थांबा,” मीच म्हणालो. “निवळू दे.” मंडळी चहाला काठावर गेली. ती गेली नाही.

“आईला दवाखान्यात नेलं, तेव्हाही तुम्ही असेच कुठल्यातरी ओढ्यात उभे होतात,” ती म्हणाली. “सात फोन केले मी.”

“ऐकू येत होते,” मी म्हणालो. “वाटलं, हातातलं मोजून झालं की घेतो.”

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. वाकून तिने नळी भरली आणि वरून आत बघत राहिली.

“निवळलं का हो?” काठावरून भूगोलाच्या सरांनी हाक दिली. “बस यायची वेळ झाली!”

मीही नळीत डोकावलो. तळाची काळी-पांढरी चकती लख्ख दिसत होती. अकरा वर्षांत मी एकही माप खोटं सांगितलेलं नव्हतं.

“नाही!” मी ओरडलो. “अजून गढूळ आहे!”

तिने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा नळीत बघितलं, पाणी ओतून टाकलं आणि वर तोंड करून म्हणाली,

“सर, अजून वीस मिनिटं तरी लागतील!”