कोंबड्याची काळी रेघ

नवरा गेला त्याला महिना झाला, तेव्हा त्याची अर्धवट राहिलेली टी-शर्टांची ऑर्डर मी हातात घेतली. छपाई स्वयंपाकघरातल्याच टेबलावर व्हायची. पिवळा, लाल, काळा. प्रत्येक रंगाची स्क्रीन, म्हणजे जाळी ताणलेली लाकडी फ्रेम, वेगळी, आणि काळी रेघ सगळ्यात शेवटी.

आधी स्क्रीनच्या फ्रेमच्या ढिल्या बिजागऱ्या करकचून आवळल्या. बारा वर्षं सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला होता, पण ऐकेल तर तो माणूस कसला!

चित्र कोंबड्याचं होतं. पिवळं अंग छान उमटलं, लाल तुराही. काळी रेघ मात्र तांदळाच्या दाण्याएवढी डावीकडे सरकली आणि तुरा डोक्यावरून घसरल्यासारखा दिसायला लागला. चार टी-शर्ट वाया गेले, तसं माझं डोकंच फिरलं.

दाराशी बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, काळ्याच्या वेळी तो डाव्या कोपरानं फ्रेम रेटून धरायचा."

मला काय माहीत नव्हतं? "अहो, कोपर काढा, नीट उभे राहा," म्हणून रोज मीच तर खेकसायचे.

बिजागऱ्यांचे स्क्रू पुन्हा ढिले केले. फ्रेमच्या लाकडाला एका जागी गुळगुळीत खळगा पडला होता. त्यात कोपर टेकवून जोर दिला आणि उजव्या हातानं रंगाची रबरी पट्टी जाळीवरून ओढली. रेघ जिथल्या तिथे बसली.

"जमलं की! उचल आता फ्रेम," सासूबाई म्हणाल्या.

मला कोपर उचलवेना.